सगळे बसल्यावर

गाडी म्हातारी झाली की सगळ्यात आधी तिची दारं कुरकुरायला लागतात. इंजिनाचं दुखणं लोकांना लगेच कळतं, कारण गाडी चालायची थांबते. सांगाड्याचं दुखणं तसं कळत नाही. खड्ड्यातून गेलं की छताच्या कोपऱ्यात कटकट होते, एक चाक फुटपाथवर चढवून उभी केली तर दार लागत नाही, काच अर्ध्यात अडकते. माणसं म्हणतात, बिजागरीला तेल घाला. तेल घालून कुणाची कंबर सरळ होत नाही. पत्र्याचे जोड सैल पडलेले असतात आणि सगळी गाडी ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी पिळवटत असते.

अशा गाड्यांना मी ब्रेस बसवते. म्हणजे पोटाखाली, चाकांच्या मधून, लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे आधार. कंबरेचा पट्टाच म्हणा. हे काम मला कुणी शिकवलं नाही. जुनी मॅन्युअलं वाचत आणि बोटं चेमटवून घेत शिकले, त्यामुळे माझ्या काही खोडी माझ्याच आहेत. त्यातली एक अशी, की शेवटचे बोल्ट मी रिकाम्या गाडीवर आवळत नाही. गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, तिच्या चार चाकांवर उभी करते आणि घरच्या माणसांना बोलावून घेते. जो रोज जिथे बसतो, त्याने तिथे बसायचं. सगळे बसले की गाडी जशी दबते, तोच तिचा खरा आकार. त्या आकारात तिला आवळायची. रिकामी आवळली तर ती रिकामीच राहायला शिकते, आणि माणसं बसली की अंग चोरते.

गिऱ्हाइकं हसतात. "बोल्ट आवळताय की फॅमिली फोटो काढताय?" असं विचारतात. पण बसतात.

माझी धाकटी बहीण तिची गाडी घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मागचं एक दार वळणावर उघडतं."

राखी रंगाची, लांब नाकाची ती जुनी गाडी मेहुण्याने लग्नाआधी हौसेने घेतलेली. मेहुणा जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. त्याच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा ह्याच गाडीतून झाल्या. पुढच्या सीटवर त्याला बसवत नसे. त्यामुळे धाकटी गाडी चालवायला, शेजारी तिच्या सासूबाई, आणि सासूबाईंच्या मागे तो, म्हणजे धाकटीला आरशात दिसायचा. डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हटलं, त्या दिवशी तो वाटेतच गेला. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो आणि त्यांचं घर दिसायला लागतं, त्या वळणावर. "आरशात बघून म्हटलं, आलं बघ घर," असं तिने मला एकदाच सांगितलं. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आता तिला घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली होती. सासूबाईंना घेऊन ती तिकडे जाणार होती. इथलं घर दुसऱ्यांना दिलेलं, त्यांचं सामान यायच्या बेतात. धाकटी दोनदा निघाली आणि दोनदा परत आली. दोन्ही वेळा ते दार उघडलं म्हणून.

"विकून टाक आणि रेल्वेने जा," मी म्हटलं.

"गाडीशिवाय मी जाणार नाही, ताई."

"काय सोनं मढवलंय का तिला?"

"मग नाही जात. राहते इथेच, तुझ्या उरावर."

माणूस गेल्यापासून ती नुसती मान हलवत होती. जेवायला वाढलं तर मान, विचारलं तर मान. ह्या नोकरीला ती तोंडाने 'हो' म्हणाली होती. ते 'हो' एका दाराच्या पायी वाया जावं, हे मला बघवणारं नव्हतं. मी किल्ली घेतली.

सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण बोलण्यात कसर नाही. म्हणाल्या, "गाडीला पट्टा बांधतेस तर माझ्या गुडघ्यालाही एक बांध. तेही वळणावर दगा देतात."

आधी मी गाडी स्वतः फिरवून पाहिली. गावातली सगळी वेडीवाकडी वळणं घेतली. कटकट होती, कुरकुर होती, दार मात्र जागचं हललं नाही. मग धाकटीला म्हटलं, तू चालव. सासूबाई पुढे, मी मागे, धाकटीच्या पाठीशी. माझ्या शेजारची सीट रिकामी.

टाकीचं वळण आलं. तिथे रस्ता ज्या बाजूला वळतो, त्याच बाजूचं ते दार. म्हणजे झोक उलटीकडे जातो, दार उलट आत दाबलं जायला हवं. मी डोळ्यात तेल घालून बघत होते. वळणाच्या ऐन मध्यावर ते उघडलं. भसकन नाही. रिक्षा थांबायच्या आधी कुणी पाय खाली टाकायच्या तयारीत राहावं, तसं बेतानं.

धाकटीने गाडी थांबवली. मागे वळून न बघता म्हणाली, "लाव ते."

मी हात लांब करून दार ओढून घेतलं.

"इतर कुठे नाही गं उघडत," सासूबाई म्हणाल्या. "इथेच."

"इथे रस्ता कललेला आहे, काकू."

"रस्ता काय आज कलला?"

गॅरेजात आमचा एक वेल्डर आहे. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण बोलला तर तेवढंच. त्याने आणि मी मिळून गाडीचं पोट उघडं केलं, गंज खरवडला, जिथे ब्रेसची टोकं येणार तिथे जाड पत्र्याचे तुकडे जोडले. मग गाडी चाकांवर उतरवून मी चारही कोपऱ्यांना ओळंबे सोडले आणि प्रत्येकाखाली जमिनीवर खडूने खूण केली. कोपरा दबला की ओळंबा खुणेवरून सरकतो. जुनी पद्धत आहे, पण ती खोटं बोलत नाही.

रिकाम्या गाडीचे ओळंबे जागच्या जागी होते. ड्रायव्हरच्या जागी मी बसले, तर पुढचा कोपरा थोडा दबला. ठिणगी बसला, तो माझ्या दुप्पट, तेव्हा जास्त दबला. सगळं जसं व्हायला हवं तसं.

सासूबाईंचा चष्मा गाडीत राहिला म्हणून धाकटी आली. ड्रायव्हरच्या जागी बसली आणि कप्पा उघडून चाचपायला लागली. मी खाली उकिडवी बसले होते. त्या दाराकडच्या मागच्या कोपऱ्याचा ओळंबा हलला. आधी जरासा, मग थांबला, मग चांगलाच सरकला. आधी वाकून, डोकं सांभाळत आत शिरणं आणि मग टेकणं, अशा दोन टप्प्यांत.

चष्मा घेऊन धाकटी उतरली, घराकडे गेली. ओळंबा हळूहळू खुणेवर परत आला.

ठिणगीने डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला. "ताई, डिकीत काही आहे?"

"नाही."

तरी त्याने जाऊन डिकी उघडून पाहिली. बंद केली. चष्मा पुन्हा लावला, हातात वेल्डिंग नसताना.

"स्प्रिंग बसली असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. बायकोशी वाद नको म्हणून माणूस जसं 'असेल' म्हणतो, तसं.

मी मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि इकडची तिकडे, तिकडची इकडे बसवली. दोष स्प्रिंगेत असता तर दुसरा कोपरा दबला असता. धाकटीला मुद्दाम बोलावून बसवलं. तोच कोपरा दबला. शॉकअप बदलले, तरी तोच.

शेवटी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "छोटे, तू बसलीस की मागचा कोपरा दबतो."

का, असं तिने विचारलं नाही. "किती?" म्हणाली.

"एखादं माणूस बसावं तेवढा."

"एखादं म्हणजे कसं? बारीक, की चांगल्या अंगाचं?"

"बारीक."

तिने मान हलवली. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं. "शेवटी अगदी हलका झाला होता," ती म्हणाली. मग ओढणीने हात पुसत घराकडे निघून गेली.

दुःखात माणसं काहीबाही बोलतात. मी माझं बोलणं कामापुरतं ठेवलं. काम असं होतं: तो कोपरा दबलेला नसताना ब्रेस आवळले, तर भार आला की सांगाडा दाराच्या चौकटीपाशी पुन्हा ताणला जाणार आणि दार उघडणार, कदाचित घाटात. दबलेला असताना आवळले, तर चौकट त्या भारासकट पक्की होणार. भार कसला, हे मला सांगता येत नव्हतं. पण भार तो भार. धाकटी आणि तिची म्हातारी सासू त्या घाटातून खाली उतरणार होत्या.

नळ्या बसवून झाल्या. बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले. गाडी खड्ड्यावर आणली आणि दोघींना बोलावलं.

लख्ख सकाळ होती. गॅरेजचं शटर पूर्ण वर, बाहेर शेजारचा कपड्यांचं दुकान झाडत होता. मी टॉर्कचा पाना घेऊन खड्ड्यात उतरले. हा पाना ठरलेल्या जोरापर्यंत आवळून झालं की हातात टक् करतो. मग थांबायचं.

"बसा," मी खालून ओरडले.

ड्रायव्हरचं दार उघडलं, लागलं. पुढचा एक कोपरा दबला. मग सासूबाईंचं दार, "आई आई गं" करत बसणं, दुसरा कोपरा.

मग तिसरं दार उघडलं आणि सावकाश लागलं.

"काकू, मागे बसलात का?"

"काय म्हणतेस?"

"मागे! मागे बसलात?"

"मी पुढेच आहे. मागे कशाला तडमडू?"

"मग दार कुणी उघडलं?"

"मी," धाकटी म्हणाली. "मागे हात करून, आतून."

"कशाला?"

माझ्या डोक्यावरचा तळाचा पत्रा थोडा खाली आला. थांबला. मग चांगला दबला. खाली असलेल्या माणसाला सीटची स्प्रिंग करकरलेली स्पष्ट ऐकू येते.

"बिडी ओढून येतो," ठिणगी म्हणाला आणि बाहेर गेला. तो बिडी ओढत नाही.

वर सीटचे पट्टे लावल्याचा आवाज आला. एक. दुसरा.

थोड्या वेळाने तिसरा.

"छोटे," मी म्हटलं.

"सगळे बसलेत, ताई. आवळ."

मी पुढून सुरुवात केली. एकेक बोल्ट, टक्. मधली तिरपी फुली, टक्. माझा हात नेहमीसारखा चालत होता, हेच मला विचित्र वाटत होतं. मागच्या आडव्या नळीपाशी आले तेव्हा वरचा भार हलला. सीटच्या मध्यातून दाराच्या बाजूला सरकला. दाराचं आतलं हँडल उचललं गेलं. खट्. पुन्हा, खट्.

बहिरी माणसं मोठ्याने बोलतात. सासूबाई तेव्हा अगदी हळू बोलल्या.

"त्याला विचारलंस का गं?"

वर धाकटीने हँडब्रेक करकचून ओढला.

"त्याला घरी जायचं होतं."

"घर आता तिकडे आहे, आई." आणि मग मला, "ताई, थांबलीस का?"

लहानपणी अंधारात जिना चढताना ती माझा फ्रॉक मागून धरायची आणि असंच म्हणायची. थांबलीस का? तोच आवाज.

मी शेवटचा बोल्ट आवळला.

टक्.

हँडल पुन्हा वाजलं. दार उघडलं नाही.

त्याच दिवशी त्या निघाल्या. मी स्कूटरवरून त्यांच्या मागे टाकीपर्यंत गेले. गाडी वळणावर आली. सांगाडा एकसंध, कुठे कुरकुर नाही, इतकं चांगलं काम मी क्वचितच केलं असेल. दार लागलेलंच राहिलं. फक्त मागचा तो कोपरा वर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. आपला थांबा मागे गेला हे कळल्यावर बसमधला माणूस अर्धवट उठतो, तसा. सासूबाई मान वळवून मागे बघत होत्या. माझ्याकडे नाही, मागच्या सीटकडे. धाकटीचं लक्ष आरशात होतं.

मग गाडी वळणाआड गेली.

"दार उघडलं नाही, ताई," पोचल्यावर तिने फोन केला. हसली सुद्धा. पुढे बरेच दिवस तिचे फोन येत राहिले. नोकरी बरी आहे, साहेबीण खडूस आहे, शेजारचं मांजर घरात शिरतं. जेवतेस ना, विचारलं तर "दोनदा वाढून घेते" म्हणाली. मला बरं वाटलं. त्या कोपऱ्याबद्दल मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग एक दिवस सासूबाईंचा फोन आला. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून त्या एकदमच सगळं बोलून टाकतात. "तू ये. ती कामावर असेल तेव्हा ये. पाना घेऊन ये." आणि ठेवला.

मी सकाळच्या गाडीने गेले. अरुंद गल्ली, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये ती राखी गाडी. आत कुणी नव्हतं, तरी गाडी मागच्या त्या कोपऱ्यावर कललेली होती. पूर्वी धाकटी बसली तरच तो कोपरा दबायचा.

"चालवत नाही ती आता," सासूबाई म्हणाल्या. "बसने जाते. म्हणते, पोचलो ना, आता कुठे जायचंय. संध्याकाळी येऊन तासभर गाडीत बसते आणि दिवसभराचं सगळं सांगते."

"आणि तुम्ही?"

"मला ऐकू कमी येतं ते बरंच आहे, पोरी. शेजारी तक्रार करतात. म्हणतात, तुमच्या गाडीचं हँडल कोण खटखटवतं दिवसभर?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझं मूल आहे ते. त्याला घरी जायचं होतं. सैल कर ते सगळं. तिला काय सांगायचं ते मी सांगेन."

मी म्हटलं, "ती पुन्हा जेवायची थांबली तर?"

"तर मी भरवीन," त्या म्हणाल्या.

खड्डा नव्हता. मी गाडीची एक बाजू जॅकवर उचलली, ठोकळे लावले, गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत आत शिरले. त्या दारामागच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. तो फिरला, पण बोल्टासकट नाही. नुसता डोक्यावरून घसरला. मी टॉर्च लावला.

बोल्टाच्या डोक्याचे सहाही कोपरे झिजून गेले होते. दुसऱ्याचे, तिसऱ्याचेही. कुणीतरी चुकीच्या मापाच्या पान्याने, अंगातला सगळा जोर लावून, रोज रोज आवळलं होतं, आवळायला काही उरलेलं नसतानाही. खाली गोणपाटाच्या कडेला एक बायकी रबरी चप्पल उलटी पडलेली होती. बोल्टांची डोकी आता नाण्यांसारखी गुळगुळीत होती. कुठलाही पाना तिथे धरणार नव्हता.

"निघतात का गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

हात दुखायला लागला म्हणून तळाच्या पत्र्याला पंजा टेकवला. गाडी कित्येक दिवस हलली नव्हती, शेडमध्ये ऊन येत नव्हतं. बाकी सगळा पत्रा गार होता. मागच्या सीटखाली तेवढ्या जागी तो कोमट होता.

"निघतात का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

वरचा भार हलला. दारापासून सुटला, सावकाश सरकत माझ्या हाताच्या बरोबर वर आला. पत्रा माझ्या तळहातावर टेकला, आणि वाट बघत तसाच राहिला.